पणतवाला लस मिळाली, पणजीला नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ज्येष्ठ नागरिकांना न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रांतून मोफत मिळण्याबाबत

मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मी ३३ वर्षं आरोग्य सेविका होते. २०२३ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, पिशवीत ड्यू लिस्ट, म्हणजे कुणाची लस द्यायची राहिलीय त्याची यादी, आणि डोस मोजायची टॅली शीट, एसटी चुकली तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पुढची वस्ती, यात माझं आयुष्य गेलं. मी लिहितेय त्यातलं बरंचसं आपल्या खात्यातल्या साहेबांना माहीत असेल. पण लसीकरण सत्राच्या खोलीत बसून जे दिसतं ते कागदावर वरपर्यंत जात नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या नातवाचा साडेतीन महिन्यांचा डोस होता. सूनबाईंना बरं नव्हतं, म्हणून त्याला घेऊन माझ्या सासूबाई उपकेंद्रात आल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं वय तेव्हा ७८. त्यांनी पणतवाला मांडीवर आडवा घेतला आणि त्याचे हात पदराखाली धरून ठेवले. डाव्या मांडीत पाच आजारांवरची पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकल लस, उजव्या दंडावर पोलिओची आयपीव्ही. पोर कळवळून रडलं. आत्यांनी विचारलं, "ही उजव्या मांडीतली कशाची गं?" मी म्हटलं, "न्यूमोनियाची. छाती भरून लेकरं दगावतात ना, त्यावरची." त्या म्हणाल्या, "आमच्या वक्ताला नव्हती असली. माझं मधलं पोर असंच धापा टाकत गेलं." मग बाहेरच्या बाकावर अर्धा तास पणतवाला थोपटत बसल्या. त्या दिवशी त्या बाकावर आठ बाया होत्या, त्यातल्या पाच आज्या. मी कार्डावर तारीख टाकली आणि पुढचं बाळ घेतलं.

जी लस मी पणतवाला देतेय तिची पणजीलाही तितकीच गरज आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचा जानेवारी. माणची थंडी कोरडी आणि बोचरी. घरात गॅस होता, तरी अंघोळीचं पाणी आत्या चुलीवरच तापवायच्या आणि पहाटेपासून जाळासमोर बसायच्या. एका सोमवारी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. मंगळवारी मला नणंदेच्या नावानं हाक मारली आणि कधीच विकून टाकलेल्या शेळीला पाणी दाखवलं का, असं विचारलं. अंग गरम नव्हतं. खोकला होता, पण तो दर हिवाळ्यात असायचाच. घरात सगळे म्हणाले, वय झालं, आता असं चालायचंच. मीही तेच म्हणाले.

दर वर्षी १२ नोव्हेंबरला आपल्या खात्याची लहान मुलांच्या न्यूमोनियाविरुद्धची 'सांस' मोहीम सुरू होते. त्यात मी शेकडो बाळांचे श्वास मोजलेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, हे आकडे मला झोपेतही पाठ आहेत. बाळाचा अंगरखा वर करायचा, सेकंदकाट्यावर नजर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. माझ्याच घरात तीन दिवस अंथरुणाला खिळलेल्या बाईचा श्वास मी मोजला नाही. बुधवारी संध्याकाळी सहज त्यांच्या पोटावर हात ठेवला, तेव्हा हात फार भराभर वरखाली होतोय असं वाटलं. घड्याळ काढलं. ३६. कपाटातून कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून बोटाला लावला. ८२.

त्याच रात्री गाडी केली. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या गावी, तिथं आयसीयू, मग व्हेंटिलेटर. नवव्या दिवशी आत्या गेल्या. सांत्वनाला आलेल्यांपैकी जवळपास प्रत्येक जण म्हणाला, "पिकलं पान होतं, सोनं झालं." बोलणाऱ्याच्या मनात माया असते, मला माहीत आहे. पण मंत्रीमहोदय, डिसेंबरात ही बाई रानात कांदा खुरपत होती.

त्यांना कुठल्या जंतूनं गाठलं, याचा तपास लागला नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत गावातल्या डॉक्टरांकडून घेतलेलं अँटिबायोटिक अंगात गेलेलं होतं, त्यामुळे रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. बहुतेक म्हाताऱ्यांच्या बाबतीत हेच होतं. म्हणून लस दिली असती तर आत्या वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. मात्र मोठ्या माणसांना दवाखाना दाखवणाऱ्या न्यूमोनियाच्या कारणांत जगभर जो जंतू वरच्या नंबरात मोजला जातो, तो हाच, न्यूमोकोकस. आणि त्याच्यावर लस आहे. माझ्याच आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या फ्रीजमध्ये, तिचं लहान मुलांचं रूप ठेवलेलं होतं.

हा जंतू शिंका-खोकल्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तो अनेकांच्या नाकाघशात असतो, लहान मुलांच्या तर फार. धडधाकट माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. वय वाढलं, साखर वाढली, बिडीनं किंवा चुलीच्या धुरानं छाती खराब झाली, किंवा फ्लू होऊन गेला, की तो खाली फुप्फुसात उतरतो. कधी रक्तात जातो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. आत्या त्यांच्या आजीकडून ऐकलेली मानमोडीची गोष्ट सांगायच्या. एकाला पोचवून माणसं घरी येत तोवर दुसरा गेलेला असायचा. ती १९१८ ची साथ फ्लूची होती, पण त्यातले बहुसंख्य मृत्यू फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं झाले, हे पुढे जपून ठेवलेले फुप्फुसांचे नमुने तपासून संशोधकांनी दाखवलं. आजही फ्लूची दर वर्षीची लस आणि न्यूमोकोकसची लस, दोन्ही घ्यायच्या आहेत.

म्हाताऱ्या माणसात हा आजार ओळखणं अवघड असतं, कारण तो पुस्तकातल्यासारखा येत नाही. ताप येईलच असं नाही. माणूस जेवायचा थांबतो, असंबद्ध बोलतो, मोरीत पाय घसरून पडतो. घरचे 'म्हातारपण' म्हणून सोडून देतात आणि दोन-तीन दिवस हातचे जातात. म्हणून इथं उपचारापेक्षा आधीची लस जास्त मोलाची आहे, असं माझं मत झालंय.

या जंतूवर साखरेचं कवच असतं आणि त्या कवचाचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. त्यातले जे जास्त त्रास देतात ते निवडून लस बनवतात. २३ प्रकारांची जुनी लस नुसत्या कवचाची आहे, तिचा असर काही वर्षांत ओसरतो. दुसऱ्या जातीच्या लसीत ते कवच प्रथिनाला जोडलेलं असतं, त्यामुळे शरीराला ओळख पक्की राहते. बाळांना आपण देतो ती या दुसऱ्या जातीची. मोठ्यांसाठी १३ प्रकारांची लस बाजारात बरीच वर्षं मिळते आहे, आणि जगात आता २० आणि २१ प्रकारांच्याही आल्या आहेत, ज्यांचा एकच डोस पुरतो.

नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या ८४ हजारांहून जास्त लोकांवर १३ प्रकारांच्या लसीची चाचणी झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. लसीत असलेल्या प्रकारांचा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी आणि रक्तात पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी कमी झाला. न्यूमोनिया विषाणूंचा असतो, दुसऱ्या जिवाणूंचाही असतो, त्याला ही लस काही करत नाही. हे लोकांना आधीच सांगावं असं मला कळकळीनं वाटतं. कोविडच्या वेळी आम्हाला 'लस घेतली की काही होत नाही' असं दारोदार सांगायला लावलं, आम्हीही सांगितलं. मग लस घेतलेला कुणी आजारी पडला की त्याच्या घरचे आम्हाला उंबऱ्यातूनच परत लावायचे. दंड एक-दोन दिवस दुखेल, कणकण येईल, आणि मोठ्या आजाराची शक्यता बरीच कमी होईल. एवढं खरं सांगितलं तरी माणसं येतात.

एका साहेबांशी बोलताना ते म्हणाले, "बाई, लहान मुलांना दिली की म्हाताऱ्यांचा आजार आपोआप कमी होतो." यात तथ्य आहे. अमेरिकेत २००० साली बाळांना ही लस सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत आजी-आजोबांमधलाही आजार घटला, कारण नातवंडांच्या नाकातलाच जंतू कमी झाला. आपल्याकडे २०१७ मध्ये काही राज्यांत सुरुवात होऊन २०२१ मध्ये देशभर लस गेली, तेव्हा याचा काही फायदा आपल्याही म्हाताऱ्यांना मिळेल. पण त्याच अमेरिकेनं वृद्धांची लस थांबवली नाही. उलट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सल्लागार समितीनं वयाची अट ६५ वरून ५० वर आणायची शिफारस केली. लसीतले प्रकार मागे हटले की लसीबाहेरचे पुढे येतात, आणि म्हातारं शरीर त्यांच्यापुढेही तितकंच उघडं असतं.

आता पैशांचं बोलते, कारण गाडी तिथंच अडते.

आत्या गेल्यावर वर्षभरानं मी माझ्या यजमानांना लस द्यायची ठरवली. ते ६३ वर्षांचे, साखर आहे. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी तीन औषध दुकानं फिरले, एकाकडेही नव्हती. चौथे म्हणाले, मागवावी लागेल, पैसे आधी भरा. एका डोसचे चार हजारांच्या आसपास झाले. मी आपली जुनी सवय म्हणून घरून आईस पॅक नेला आणि डब्यातून लस आणली. ज्याला कोल्ड चेन कळत नाही त्यानं ती कॅरीबॅगमध्ये घालून उन्हातून आणली असती. माझी पेन्शन आहे, मला जमलं. माझ्या शेजारच्या काकूंना दमा आहे. श्रावणबाळ योजनेचे पैसे आले की त्या किराण्याची उधारी फेडतात. त्यांनी चार हजार कुठून आणायचे?

शासन ज्येष्ठांसाठी काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे, आत्यांनी त्या सवलतीत दोनदा पंढरपूर केलं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा घ्यायला एकदाच ३ हजार रुपये मिळतात. पण त्या यादीत लस नाही, आणि असती तरी बाजारभावानं एक डोससुद्धा त्यात बसला नसता. महात्मा फुले योजना आहे, सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड आहे, दोन्हीकडे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते सगळं माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर. दाखल व्हायची वेळच येऊ नये म्हणून जी सुई आहे, तिच्यासाठी कुठल्याच योजनेत रकाना नाही.

बाजारात लस महाग आहे म्हणून सरकारलाही तेवढीच महाग पडेल असं नसतं. आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटनं बाळांसाठी १० प्रकारांची लस बनवली. तिला २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि गरीब देशांसाठी तिची किंमत डोसला दोन डॉलरच्या घरात ठेवली गेली. ती लस बाळांसाठी मंजूर आहे, तीच कुपी उचलून म्हाताऱ्यांना टोचा असं म्हणण्याइतकी मी अडाणी नाही. पण ज्या राज्यात हे ज्ञान, हे कारखाने आणि हे हात आहेत, त्या राज्याच्या सरकारनं कंपन्यांना बोलावून 'आम्ही इतके लाख डोस घेऊ, मोठ्यांसाठीची लस परवडेल अशा दरात द्या, देशी लसीच्या वृद्धांवरच्या चाचण्या करा' असं सांगितलं तर ऐकलं जाईल. एकेका माणसाला औषध दुकानात घासाघीस करता येत नाही. सरकारला करता येते.

केंद्राचा विषय आहे असं उत्तर येईल, तेही मला ठाऊक आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात लस घालायची तर ते केंद्रच ठरवणार. पण केंद्राकडे आग्रह धरणं आणि तोवर राज्याच्या पैशातून छोटी सुरुवात करणं, हे दोन्ही आपल्या हातात आहे.

सगळ्यांना एकदम द्या, असं मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढचे लोक १ कोटी ११ लाखांच्या आसपास होते, आज कितीतरी जास्त असतील. इंग्लंडनं कसं केलं ते बघावं. त्यांनी २००३ मध्ये आधी ८० वर्षांवरच्यांना लस दिली, पुढच्या वर्षी ७५ वरच्यांना, त्याच्या पुढच्या वर्षी ६५ वरच्यांना. जपाननं २०१४ पासून ६५ वर्षांवरच्यांचा समावेश नेहमीच्या लसीकरणात केला. आपणही पंच्याहत्तरीपासून सुरुवात करावी, एसटीच्या सवलतीमुळे ती वयाची अट लोकांच्या ओळखीची आहेच. त्यासोबत साठीपुढचे पण साखर, दमा, हृदय, मूत्रपिंड यांचे रुग्ण, डायलिसिसवरचे, कॅन्सरचे उपचार घेणारे, प्लीहा काढलेले, एचआयव्ही असलेले. हे लोक वयाची वाट बघू शकत नाहीत.

त्यांना शोधायला नवीन सर्वेक्षण काढू नका, ही माझी हात जोडून विनंती. आशाताईंनी तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायचा फॉर्म, भरलेला आहे. त्यात वय आहे, तंबाखू-बिडी आहे, धाप लागते का हे आहे, अगदी स्वयंपाकाला लाकूड-गोवऱ्या जाळता का हेही विचारलेलं आहे. आत्यांच्या फॉर्मवर 'लाकूड' या शब्दापुढे मी स्वतः खूण केली होती. ती माहिती पोर्टलवर पडून आहे. तिच्यातून गाववार यादी काढली तर ड्यू लिस्ट एका दिवसात तयार होईल.

आणि मोठ्या माणसांना लस द्यायची यंत्रणा नाही, असं तर आता कुणी म्हणूच नये. १ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांचं कोविड लसीकरण सुरू झालं, तेव्हा आमच्या केंद्राबाहेर मांडव घातला होता आणि घोंगडी पांघरलेले म्हातारे सकाळी सहापासून नंबर लावून बसले होते. वस्तीवरच्या अंथरुणाला खिळलेल्यांना आम्ही घरी जाऊन दिली. २०२४ मध्ये राज्याच्या काही भागांत प्रौढांना क्षयरोगावरची बीसीजी दिली गेली, त्यातही साठीपुढचे होते. सिरिंज त्याच, सुई तोडायचा हब कटर तोच, लसीनंतर त्रास झाला तर लागणारं एईएफआय किट तेच, टोचल्यावर अर्धा तास बसवायचा बाकही तोच.

फक्त हे काम आशाताईंच्या आणि सेविकांच्या डोक्यावर फुकटात टाकू नका. एका सेविकेकडे किती रजिस्टरं असतात ते मी वाहिलेलं आहे. प्रत्येक डोसमागे आशाला ठरावीक मोबदला द्या आणि तो वेळेवर द्या. शिवाय ट्रेनिंग द्या. म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया कसा दिसतो, गोंधळलेला म्हातारा आणि मिनिटाला ३० वर गेलेला श्वास दिसला तर गाडी बोलवायची, हे जर मला कुणी एका दुपारी शिकवलं असतं तर आत्यांना मी मंगळवारीच दवाखान्यात नेलं असतं. लहान मुलांच्या श्वासाचे तक्ते उपकेंद्राच्या भिंतीवर लागलेले आहेत. मोठ्यांच्या श्वासाचा एकही तक्ता मी नोकरीभर पाहिला नाही. तो छापायला फार खर्च नाही.

येत्या १२ नोव्हेंबरला 'सांस' मोहीम सुरू होईल. तोपर्यंत लस येणार नाही, हे समजण्याइतकी मी खात्यात मुरलेली आहे. निदान त्या दिवशी एखाद्या तालुक्यात यादी करायला घ्या आणि आशाताईंना लहानग्यांसोबत घरातल्या म्हाताऱ्यांचेही श्वास मोजायला सांगा. तालुका आमचा घ्यायचा असेल तर माझ्या जुन्या उपकेंद्राखालच्या पाच गावांची यादी मी स्वतः घरोघर फिरून करून देईन. पंच्याहत्तरीपुढचं कोण कुठल्या वस्तीवर राहतं, कुणाला दमा आहे, कुणाला चालवत नाही, कुणाला ऐकू येत नाही म्हणून दार जोरात वाजवावं लागतं, हे मला अजून तोंडपाठ आहे. मानधन नको. सेकंदकाट्याचं घड्याळ माझ्याकडे आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. माण, जि. सातारा